सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो का?

"गाठीला सुई लावू नका, चवताळेल." हा सल्ला गावोगाव इतक्या खात्रीने दिला जातो की माणसं तपासणीच टाळतात. हा समज चुकीचा आहे आणि तो जिवावर बेततो.

मानेतली गाठ घ्या. ती क्षयाची असू शकते, लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची) असू शकते किंवा तोंडातल्या कॅन्सरची पसरलेली गाठही असू शकते. हाताला तिन्ही सारख्याच लागू शकतात. क्षय असेल तर साधारण सहा महिने गोळ्या, लिम्फोमा असेल तर मुख्यतः केमोथेरपी, तोंडाचा कॅन्सर असेल तर बहुधा आधी शस्त्रक्रिया. सुईने गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, म्हणजे बायोप्सीशिवाय, यातलं काय करायचं हे कोण ठरवणार? स्तनाच्या गाठीत तर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (या नावाचं प्रथिन जास्त आहे का) या चाचण्याही त्याच तुकड्यावर होतात, आणि हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या लागू पडतील का ते त्यावरूनच कळतं.

सुईच्या वाटेवर पेशी सांडणं अगदीच अशक्य नाही, पण ते फार क्वचित घडतं. यकृत, अंडकोष, हाडांचे सार्कोमा (हाडातच सुरू होणारे कॅन्सर) अशा ठिकाणी डॉक्टर म्हणूनच वेगळी काळजी घेतात. अंडकोषाच्या संशयित गाठीत सहसा सुई घालतच नाहीत. जांघेतून छेद घेऊन अंडकोषच काढतात.

मग "बायोप्सीनंतर आजार वाढला" असं का दिसतं? पुष्कळ रुग्ण झाडपाला, लेप यांत महिने घालवून उशिरा येतात. तोवर आजार पसरलेला असतो, बायोप्सीत तो फक्त उघड होतो. दोष मात्र सुईच्या माथी बसतो.