जन्म, लग्न, मृत्यूच्या दाखल्यांचं अपोस्टील आणि अटेस्टेशन (मराठवाडा)

आपल्याकडचा सरकारी दाखला परदेशातल्या ऑफिसात चालावा म्हणून त्यावर वरच्या अधिकाऱ्यांचे शिक्के घ्यावे लागतात, त्याला अटेस्टेशन म्हणतात, आणि काही देशांपुरता त्याचा जो शेवटचा शिक्का असतो त्याला अपोस्टील. जन्माचा दाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला ही यातली नेहमीची कागदं. मराठवाड्यातून सौदी, दुबई, कतारला कामाला गेलेले लोक, लातूर-नांदेडहून एमबीबीएसला रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानला जाणारी पोरं, पुण्यात आयटीत लागून पुढं युरोपात गेलेले आणि आता बायको-लेकरांना बोलावून घेणारे, या सगळ्यांना कधी ना कधी हे करावंच लागतं. आणि बहुतेकांना वाटतं की अवघड काम दिल्लीत आहे. तसं नाहीये. दिल्लीचं काम ठरलेलं असतं, खरं काम गावातल्या ग्रामपंचायतीत नाहीतर तालुक्याच्या नगरपालिकेत असतं आणि तिथं कच्चं राहिलं की पुढं सगळं अडतं.

आधी हा शिक्का नेमकं काय सांगतो ते बघू. ५ ऑक्टोबर १९६१ला हेगमध्ये एक करार झाला, की सदस्य देशांनी एकमेकांच्या सरकारी कागदावर वकिलातीचे शिक्के मागायचे नाहीत, कागद ज्या देशाचा आहे त्यानं एकच ठरलेल्या नमुन्याचं प्रमाणपत्र लावायचं आणि बाकीच्यांनी ते मानायचं. भारत या करारात २००४ साली सामील झाला आणि १४ जुलै २००५ पासून तो आपल्याला लागू आहे. अपोस्टील म्हणजे एक चौकोनी स्टिकर, वर फ्रेंचमध्ये मथळा, खाली दहा नंबरचे रकाने, देश, सही कोणाची, कोणत्या पदानं केली, शिक्का कोणाचा, कुठं दिलं, तारीख, नंबर वगैरे. त्यात दाखल्यातला मजकूर खरा आहे असं कुठंच लिहिलेलं नसतं. सही आणि शिक्का खरा, एवढंच. म्हणजे दाखल्यात आईचं नाव चुकलेलं असेल तर अपोस्टील चुकलेल्या नावावरच लागतं, आणि ती चूक पकडतो तिकडचा व्हिसा अधिकारी, तेव्हा तुम्ही इथं सगळे पैसे भरून बसलेले असता.

साखळी अशी चालते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणतो त्यांची सही दिल्लीला कोण ओळखणार? परराष्ट्र मंत्रालयाकडं नमुना सह्या असतात त्या राज्य सरकारनं या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या. म्हणून दाखला आधी मुंबईला मंत्रालयात जातो, तिथं राज्याचा शिक्का बसतो (एजंट लोक याला गृह खात्यावरून नुसतं ‘होम’ म्हणतात), त्याच्या आधी बऱ्याचदा नोटरी करून घेतात, आणि मग परराष्ट्र मंत्रालय. अपोस्टीलची सरकारी फी कागदामागं ५० रुपये आहे, साध्या अटेस्टेशनला सरकारी फी नाही, वर कागद जमा करून घेणाऱ्या एजन्सीचा चार्ज वेगळा. परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून हातोहात कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेतं, आणि २०१९ पासून हे काम दिल्लीशिवाय मुंबईसारख्या ठिकाणीही होतं, त्यामुळं आपल्या माणसाला आता सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली गाठायची गरज राहिली नाही, रात्रीच्या देवगिरीनं मुंबईला गेलं तरी दोन्ही कामं तिथंच मार्गी लागतात. ई-सनद नावाचं ऑनलाइन पोर्टलही आहे, पण ते चालतं ज्या ऑफिसचं रेकॉर्ड त्याला जोडलेलं आहे त्याच्याच कागदाला.

आता मूळ नोंदीकडं येऊ, कारण वेळ जातो तो इथंच. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९चा, आपल्याकडं १ एप्रिल १९७० पासून लागू. कायद्यानं नोंद होते ती घटना जिथं घडली तिथं, माणूस राहतो तिथं नाही. आणि पहिलं बाळंतपण तर माहेरी! म्हणजे माणूस परभणी जिल्ह्यातला, पण त्याची जन्मनोंद आजोळी, वसमत नाहीतर गंगाखेडच्या दवाखान्यात, आणि घरचे शोधतात वडिलांच्या गावच्या रजिस्टरात आणि म्हणतात नोंदच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचं तर आणखी लांब, कोयत्याला सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात गेलेल्या आईचं बाळंतपण फडावर किंवा तिथल्या आरोग्य केंद्रात झालं असेल तर नोंद (झाली असेल तर) तिकडंच. म्हणून पहिला प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचा, बाळंतपण कुठं झालं, दवाखान्यात का घरी, कोणत्या गावात. या एका प्रश्नानं महिनाभराची पायपीट वाचते.

नोंद सापडली की उतारा नीट वाचा. जुन्या उताऱ्यात बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, किंवा नुसतं ‘मुलगा’ लिहिलेलं, कारण नोंद केली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. नाव नंतर टाकता येतं, नोंदीपासून वर्षभरात फुकट आणि १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून, त्याच्या पुढच्यांसाठी सरकार मधून मधून मुदत वाढवून देतं, तशी मुदत चालू असली की लगेच करून घ्यावं. मग बापाचं नाव, रजिस्टरात ‘माणिक किसन’ आणि पासपोर्टवर ‘माणिकराव किसनराव’. आईचं तर त्याहून वाईट, दवाखान्यानं लिहिलं माहेरचं नाव, सासरी लग्नात बदललं दुसरं, आधारवर ‘गोदावरीबाई’, रजिस्टरात ‘गोदा’. आपल्याला माहिती असतं ही एकच बाई आहे, पण माद्रिदच्या काउंटरवरच्या माणसाला कसं माहिती असणार, त्याच्यासाठी त्या तीन बायका. मुस्लिम कुटुंबांत ‘शेख रफीक शेख अहमद’ असं लिहायची आपल्याकडं जुनी पद्धत, पासपोर्टवाले त्यातलं शेख कधी आडनावात टाकतात कधी नावात, आणि बापाच्या, लेकाच्या, नातवाच्या कागदावर तीन प्रकार होतात. ही दुरुस्ती कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाकडंच, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडंच होते, पुरावे जोडून अर्ज द्यायचा. पेनानं खाडाखोड केलेला दाखला कुठंच चालत नाही.

जन्मतारखेचं सगळ्यांना माहितीच आहे. गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लावली, दहावीच्या सनदेवर १ जून, पासपोर्टवर १ जून, आणि जन्मरजिस्टरात निघते १४ नोव्हेंबर. अशा माणसानं आधी ठरवावं की कोणती तारीख धरायची आणि मग बाकीचे कागद त्या तारखेला आणावेत, दोन तारखांचे दोन कागद घेऊन अपोस्टीलला जाऊ नये. हे माझं ठाम मत आहे. दोन्ही कागदांवर शिक्का मिळतो हो, पण तिकडं फाइल उघडली की दोन माणसं दिसतात.

जन्मगावाचा घोळ तर खास मराठवाड्याचा. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत आले, आणि १९८२ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. जालना १९८१ला औरंगाबादेतून वेगळा निघाला, हिंगोली १९९९ला परभणीतून. वर आता २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. म्हणजे १९७५ साली उदगिरात जन्मलेल्या माणसाच्या जुन्या उताऱ्यावर जिल्हा उस्मानाबाद, आणि आज नवीन दाखला काढला की लातूर. दोन्ही बरोबर आहेत, पण तिकडच्या अर्जात पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहावं आणि नाव बदलल्याची सरकारी अधिसूचना सोबत ठेवावी.

त्याच्याही मागं गेलं की निजामाचा काळ. १७ सप्टेंबर १९४८च्या आधीचं रेकॉर्ड उर्दूत, काही मोडी लिपीत, सालं फसली (निजामाच्या कारभारातली कालगणना), त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, ज्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिले जायचे, हे नाव घराघरात पोचलं. पण त्यातली नोंद अपोस्टीलला फारशी उपयोगी पडत नाही कारण तिथं बऱ्याचदा ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढंच असतं, नाव नाही. अशा जुन्या माणसांसाठी नमुना १०, अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे रजिस्टर शोधलं आणि नोंद मिळाली नाही असा सरकारी कागद, आणि त्याला शाळेचा निर्गम उतारा, जवळच्या नातेवाइकांची शपथपत्रं जोडायची. अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी पोरं आई-वडिलांची फाइल करतात तेव्हा १९७० आधीच्या जन्माला हीच वाट असते, आणि तिथं अपोस्टील लागतही नाही, उगाच पैसे घालू नका. जून्या नोंदी नसण्याचं आणखी एक कारण लातूर-धाराशिवच्या लोकांना सांगायला नको, ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात घरं गेली तशी घरातली कागदंही गेली.

नोंदच झालेली नसेल तर उशिराची नोंद करावी लागते. घटनेला वर्षाहून जास्त झालं असेल तर पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा, १ ऑक्टोबर २०२३ला लागू झालेल्या दुरुस्तीनं हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं आला. २०२५च्या सुरुवातीला राज्य सरकारनं असे दाखले देणं काही काळ थांबवलं आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती काढली, त्यामुळं आता पुरावे घट्ट लागतात आणि वेळ धरूनच चालायचं.

लग्नाचं सर्टिफिकेट त्या मानानं सोपं. महाराष्ट्राचा १९९८चा कायदा आहे, त्याखाली ग्रामपंचायत, नगरपालिका नोंद करते आणि नमुना ‘इ’ मिळतो. लग्नाला दहा वर्षं झाली तरी नोंद करता येते, साक्षीदार आणि लग्नपत्रिका लागते, पत्रिका हरवली असेल तर शपथपत्र. फक्त एक, नवरा-बायकोची नावं दोघांच्या पासपोर्टप्रमाणं घाला. मृत्यूच्या दाखल्याचं अपोस्टील लागतं ते तिकडच्या बँकेत पैसे, विमा किंवा पेन्शन अडकलेलं असलं की, पद्धत तीच.

देशानुसार शेवटचा टप्पा बदलतो. ओमान, बहरीन करारात आहेत, सौदी डिसेंबर २०२२ला आला, कॅनडा ११ जानेवारी २०२४ला, यांना अपोस्टील पुरतं. चीन नोव्हेंबर २०२३ला आला, पण त्याच्या प्रवेशाला भारतानं हरकत घेतली, म्हणून तिथं आपलं अपोस्टील चालत नाही. दुबई-अबुधाबी, कतार, कुवेत करारात नाहीत, तिथं परराष्ट्र मंत्रालयाच्या साध्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो आणि पोचल्यावर तिकडच्या परराष्ट्र खात्याचा. जर्मनीचं वेगळंच, तो देश करारात आहे पण भारताच्या प्रवेशाला त्यानं हरकत घेतलेली आहे, म्हणून भारताचं अपोस्टील तिथं चालत नाही, गरज वाटली की जर्मन ऑफिस वकिलातीमार्फत चौकशी करून घेतं, आणि तो चौकशीचा माणूस येतो थेट तुमच्या ग्रामपंचायतीत मूळ रजिस्टर बघायला. नर्सिंगला, शिकायला जर्मनीला निघालेल्या पोरापोरींनी हे नीट लक्षात ठेवावं.

दाखला लॅमिनेट करू नका, हे प्रत्येक घरात ओरडून सांगावं असं आहे, स्टिकर कागदावर चिकटतं आणि शिक्का कागदावर उमटतो, प्लास्टिकवर नाही, आणि आपल्याकडं तर जपून ठेवायचं म्हणून सगळ्यात आधी लॅमिनेशनच करतात. तसा झालेला असेल किंवा नुसता मराठीत हातानं लिहिलेला असेल तर त्याच ऑफिसातून नवीन घ्या, आता क्यूआर कोडवाला मराठी-इंग्रजी दाखला मिळतो, त्यानं भाषांतराचाही खर्च वाचतो. एजंट वाईट असतात असं नाही, ज्याला मजुरी बुडवून मुंबई गाठता येत नाही त्याला एजंट लागणारच, फक्त त्याला विचारायचं की राज्याचा शिक्का मंत्रालयातून घेणार का दिल्लीत एसडीएमकडून (उपविभागीय दंडाधिकारी), कारण काही वकिलाती दुसरा मानत नाहीत. आणि काम झाल्यावर स्टिकरवरचा नंबर परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर टाकून बघायचा, खोटे स्टिकर लावून देणारे आहेत.

लेकरू तिकडंच जन्मलं असेल तर हे सगळं उलटं चालतं. तिकडचा दाखला त्या देशाकडून अपोस्टील करून आणायचा आणि तिथल्या भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करायची. तिथं नोंद राहून गेली आणि आई-बाप भारतात कायमचे राहायला आले, तर लेकरू भारतात आल्यापासून ६० दिवसांच्या आत इथल्या निबंधकाकडं ती नोंद करता येते, १९६९च्या कायद्याच्या कलम २० खाली.