ॲपमधला बाण आणि खरी फाइल

"अप्पा, गाणं डाउनलोड करेल शे, मंग पेन ड्राइव्हमा काब येत नही?"

माझ्या काउंटरवर हा प्रश्न बारा महिने चालू असतो. लग्नसराईत डीजेवाली पोरं विचारतात, एरवी रावेर-सावद्याकडून केळी भरून दिल्लीला निघालेले ड्रायव्हर. उत्तर एवढंच, की तुमच्या फोनमध्ये गाणं आहे, पण गाण्याची फाइल नाही. ते पटत मात्र कोणाला नाही, कारण स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात.

स्ट्रीमिंग म्हणजे काय ते सांगत बसत नाही. नेट गेलं की चाक गोल फिरत राहतं. धडगावच्या घाटात गाडी घातलेल्याला ते शिकवावं लागत नाही. अल्बम, सुटं गाणं, व्हिडिओ साँग यांतला फरकही सोडून देतो. आपल्याकडे यूट्यूबवर आलेल्या एका अहिराणी गाण्यालाही लोक अल्बम म्हणतात. म्हणोत बापडे, त्यात कोणाचे पैसे बुडत नाहीत. पैसे बुडतात ते ॲपमधल्या डाउनलोडला आपली फाइल समजल्यावर.

ॲपमध्ये खाली तोंड केलेला बाण दाबला की गाणं फोनमध्ये उतरतं, हे खरंच आहे. जागाही खातं. पण उतरतं ते कुलूप लावून, त्या ॲपच्या स्वतःच्या कप्प्यात, आणि किल्ली राहते ॲप आणि तुमचं खातं यांच्याकडे. फाइल मॅनेजर उघडून शोधलंत तर एकतर काहीच दिसत नाही, नाहीतर आगापिछा नसलेल्या नावांचे तुकडे सापडतात. ना गाण्याचं नाव, ना शेवटी एमपी३. ते तुकडे पेन ड्राइव्हवर टाकले तरी गाडीतल्या डेकला (गाणी वाजवणाऱ्या यंत्राला) त्यातलं ओ की ठो कळत नाही. भाड्याने आणलेला ट्रॅक्टर रात्रभर आपल्या अंगणात उभा राहिला म्हणून आरसी बुकावर आपलं नाव चढत नाही, तसंच हे.

लोक घसरतात ते तपासताना. फोन एअरप्लेन मोडवर टाकतात, गाणं लावतात, ते वाजतं. "हे बघा अप्पा, नेट बंद आहे तरी वाजतंय, म्हणजे माझंच झालं ना?" ही परीक्षाच चुकीची. नेट बंद असताना कुलूपवालं गाणंही वाजतं आणि खरी फाइलही वाजते. त्यासाठीच तर ॲपवाल्यांनी तो बाण दिलाय. विचारायचं ते हे, की ॲप नसताना वाजतं का? तेच गाणं दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडून बघा. ओटीजी (फोनला पेन ड्राइव्ह जोडायची छोटी पिन) लावून पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्याच्या गाडीत लावा. वाजलं तर फाइल. "ॲप उघडा" असं आलं, किंवा कॉपीचा पर्यायच दिसला नाही, तर तुमच्याकडे फक्त ऐकण्याची परवानगी आहे, तीही मुदतीची.

ती मुदत कोणी वाचत नाही. स्पॉटिफायला ३० दिवसांतून एकदा तरी नेटवर यावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी बंद. नेटफ्लिक्सवर तर काही सिनेमे उतरवल्यापासून ७ दिवसांत संपतात आणि काहींचं घड्याळ प्ले दाबल्यापासून ४८ तासांचं. लांबच्या गाडीसाठी म्हणून भुसावळहून निघताना सिनेमा भरून घेतला, थोडा बघून झोपलात आणि परतीच्या प्रवासात उरलेला बघायला गेलात, तर हातात काही नाही. प्लॅन संपला की बंद. फोन बदलला की सगळं नव्याने उतरवा. आणि ॲपच गुंडाळलं तर? एअरटेलने २०२४ मध्ये विंक म्युझिक बंद केलं. त्यात उतरवून ठेवलेल्या गाण्यांचं ॲपबाहेर काही मोल नव्हतं. त्याच फोनमध्ये कोणी कधीकाळी कार्डात भरलेली एमपी३ गाणी मात्र जिथे होती तिथेच वाजत राहिली.

इथे एक हुशार गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "पण मी तर विकत घेतलंय." गाणं असेल तर ठीक. ॲपलने २००९ मध्येच आयट्यून्स या आपल्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या गाण्यांचं कुलूप काढून टाकलं. तिथून विकत घेतलेलं गाणं साधी फाइल म्हणून मिळतं, कुठेही न्या. (फक्त ते एम४ए या वेगळ्या प्रकारच्या फाइलीत असतं, आणि जुने डेक एम४ए बघून रुसतात. त्याचं एमपी३ करून घ्या.) पण महिन्याचे पैसे भरून ॲपल म्युझिकमध्ये उतरवलेलं गाणं कुलूपवालंच. सिनेमाचं तर विकत घेतल्यावरही कुलूप जात नाही. "बाय" बटण दाबून पूर्ण पैसे दिले तरी तो सिनेमा त्याच दुकानाच्या ॲपमध्ये बघायचा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झाला, की ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय "विकत घ्या" असं लिहायचं नाही. आपल्याकडे "बाय" दिसलं की आपण मोकळे.

खरी फाइल हवी असेल तर बँडकॅम्पसारख्या ठिकाणी अल्बम विकत घ्या, तिथे एमपी३ आणि फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी, पण मोठी फाइल) दोन्ही मिळतात. घरातल्या जुन्या सीडी संगणकावर उतरवा. नाहीतर सरळ कलाकाराला फोन लावा. अहिराणी गाणी करणारी बरीच मंडळी धुळे-जळगावातच आहेत. दोन पैसे दिले तर फाइल पाठवतील.

यूट्यूबवरून गाणं ओढून "३२० केबीपीएस एमपी३" देणाऱ्या साइट (केबीपीएस म्हणजे सेकंदाला आवाजाची किती माहिती भरली त्याचं माप) हा माझा डोकं उठवणारा विषय. नियमात ते बसत नाही आणि कलाकाराला एक पैसाही जात नाही, ते तर आहेच. पण ते ३२० सुद्धा खोटं असतं. यूट्यूबवरचा आवाज साधारण १२८च्या आसपास दाबलेला असतो, आणि दाबताना गेलेला आवाज नंतर आकडा वाढवून परत येत नाही. पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीवरून बारा एमबी होतं, कार्ड भरतं, आवाज तोच. घरच्या स्पीकरवर कळणार नाही, पण वरातीत मोठ्या सिस्टीमवर लावलं की झांजा चिरक्या येतात आणि पोरं शिव्या देतात ॲम्प्लिफायरला. एमपी३ आणि फ्लॅकवर वाद घालणाऱ्यांना माझं सांगणं, की ट्रकच्या केबिनमध्ये चांगला एमपी३ पुरे आहे. आणि व्हिडिओच्या नावातलं एमपी४ खोडून एमपी३ लिहिल्याने काहीही होत नाही, हेही एकदाचं ऐका.

आता आपल्याच गाण्यांचं. श्रावणात खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते, रात्रभर बायका गाणी म्हणतात, घरातलं कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करतं. ते रेकॉर्डिंग खरी फाइल असतं, कुलूप नाही, मुदत नाही. आणि नेमकं तेच लोक घालवतात. यूट्यूबवर चढवलं की जागा करायला फोनमधलं पुसून टाकतात, नाहीतर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवतात, तिथे तो दाबला जातो, आणि मग पाठवलेलाच जपून ठेवतात. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आहे तसं जातं. मूळ रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर एक आणि आणखी कुठे तरी एक.

गाणी बनवणाऱ्या पोरांनाही हेच. चॅनलवर लाखो व्ह्यूज असतील, पण ९० दिवसांत कॉपीराइटच्या तीन स्ट्राइक (दुसऱ्याचं गाणं वापरल्याबद्दल यूट्यूबची ताकीद) आल्या की चॅनल बंद होऊ शकतं, त्यावरच्या सगळ्या व्हिडिओंसकट. गाण्याची वेव्ह फाइल (न दाबलेला मूळ आवाज) आणि व्हिडिओची मूळ कॉपी स्टुडिओवाल्याकडून शेवटचा हप्ता देतानाच मागून घ्या. वर्षभराने गेलात तर तो म्हणेल, "भाऊ, डिस्क भरनी व्हती, डिलिट करी टाकं."