धातूच्या नळीचा जुना पाइप उजळताना

जुन्या वस्तूंच्या बाजारात तंबाखू ओढायचे पाइप बरेच दिसतात. बहुतेक सगळे लाकडाचे. त्यात एखादा वेगळाच निघतो: तंबाखू भरायची वाटी लाकडाची, दातांत धरायची मुखनळी काळी, आणि मधली दांडी चक्क अ‍ॅल्युमिनियमची. वाटी फिरवली की आट्यांवरून सुटून हातात येते आणि खाली धातूची एक उथळ बशी दिसते. हा बहुधा फाल्कन असतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फोर्ट वेन नावाचं गाव आहे. तिथल्या केन्ली बग यांनी 1936 च्या सुमारास ही रचना काढली, आणि पुढे ती ब्रिटनमध्येही भरपूर खपली. साधारण त्याच काळात सिअ‍ॅटलमध्ये फ्रेडरिक किर्स्टन यांनीही धातूच्या नळीचा पाइप बनवला. हे वॉशिंग्टन विद्यापीठातले विमानविद्येचे प्राध्यापक. तिथला वातबोगदा, म्हणजे विमानाचे नमुने वाऱ्यात तपासायचा बोगदा, आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

दोघांच्या डोक्यातली कल्पना एकच होती, धूर थंड करायचा. लाकूड उष्णता फार हळू वाहून नेतं, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या हजारपटीहून जास्त वेगाने. त्यामुळे गरम धूर धातूच्या नळीत शिरला की आपली उष्णता भराभर नळीला देतो आणि नळी ती बाहेरच्या हवेत सोडते. थंड झालेल्या धुरातली वाफ नळीच्या आतल्या भिंतीवर आणि बशीत पाणी होऊन उतरते. तिच्यासोबत डांबरासारखा चिकट द्रवही उतरतो. त्या काळी याची ‘स्वच्छ धूर’ म्हणून जाहिरात झाली. यात फसायचं कारण नाही. कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू त्या तापमानाला द्रवरूप होतच नाहीत, ते सरळ आत जातात. बारीक कणही पुष्कळसे निसटतात. पाइप ओढणाऱ्यांना तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो, मग नळी लाकडाची असो की धातूची. मला हे पाइप आवडतात ते वस्तू म्हणून. दुरुस्त करून कपाटात ठेवण्यासाठी.

दुरुस्तीची खरी गोष्ट त्या बशीत आहे. वर्षानुवर्षं न उघडलेला पाइप उघडला की बशीत काळा, चकाकता चिकटा दिसतो. तो स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसला की खालून पांढरट, खरखरीत पापुद्रा वर येतो. नख लावलं तर भुकटी होऊन पडतो, आणि त्याखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात. भिंगातून पाहिलं तर खड्ड्यांच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसतात. डांबर धातू खात नाही, मग हे झालं कशाने?

राखेने. तंबाखूच्या राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियमचे कार्बोनेट असतात, थोडे क्लोराइडही असतात. कोरडी राख निरुपद्रवी, पण बशीत ओल कायमचीच. राख तिच्यात विरघळली की अल्कलीचा द्राव तयार होतो. अ‍ॅल्युमिनियमला हवेत स्वतःचं एक कवच असतं. धातूचा ताजा पृष्ठभाग उघडा पडला की क्षणार्धात त्यावर ऑक्साइडचा 2 ते 5 नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. हा थर पारदर्शक, अखंड आणि कठीण. रासायनिक दृष्ट्या माणिक आणि नीलम ज्याचे बनलेले असतात तोच हा पदार्थ. लोखंडाच्या गंजासारखा तो सुटून पडत नाही, म्हणून आतला धातू टिकतो. पण हे कवच फक्त मधल्या पट्ट्यात सुरक्षित आहे. सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) साधारण 4 च्या खाली गेला की आम्ल त्याला विरघळवतं, आणि 8.5–9 च्या वर गेला की अल्कली. क्लोराइड तर त्याहून कपटी, ते एकाच बिंदूवर कवच फोडून आत शिरतं आणि तिथेच खोल जात राहतं. खड्डे पडतात ते असे. पांढरी भुकटी म्हणजे त्या झटापटीत तयार झालेलं अ‍ॅल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड.

आपल्याकडे हे रसायन स्वयंपाकघरात रोज दिसतं. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात नुसतं पाणी उकळत राहिलं की आतून काळपट होतं आणि त्यातच चिंचेचं सार केलं की लख्ख निघतं. पाण्यातल्या क्षारांनी ऑक्साइडचा थर जाड आणि काळपट होतो, चिंचेतलं आम्ल तो विरघळवून टाकतं. ते पाहून पाइपही चिंचेने किंवा व्हिनेगरने घासायचा मोह होतो. करू नये. चकाकी येते, पण कवचासोबत थोडा धातूही जातो, आणि आट्यांवरचा धातू गेला तर वाटी पुन्हा कधीच घट्ट बसत नाही. कॉस्टिक सोड्याचं तर नावही काढू नये. तो अ‍ॅल्युमिनियमवर फसफसून हायड्रोजन सोडतो आणि बघता बघता बारीक आटे गिळून टाकतो.

आता वाटी अडकलेली असेल तर. ती अडकते आट्यांत वाळलेल्या डांबरामुळे. पक्कड लावली की मऊ अ‍ॅल्युमिनियम चेपलंच म्हणून समजा. सांध्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून रात्रभर ठेवावं. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे हे आयपीए या नावाने सहज मिळतं. ते पूर्ण उडून गेल्यावर, आणि उडाल्याची खात्री झाल्यावरच, फक्त बशीला बाहेरून केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा द्यावी. अडीच सेंटिमीटर व्यासाची बशी 50 अंशांनी तापली तर तिचा व्यास सुमारे 0.03 मिलिमीटर वाढतो. लाकूड तेवढं फुगत नाही, डांबरही मऊ पडतं, आणि कापडात धरून फिरवलेली वाटी सुटते. रबरी हातमोजे हवेतच. जुन्या चिकट्यात निकोटिन असतं आणि ते कातडीतून शरीरात जातं.

लाकडी वाटीसाठी जुनी पद्धत अशी की आत जाडं मीठ भरायचं, वर अल्कोहोल ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. अख्ख्या लाकडी पाइपला लोक ती वापरतात. धातूच्या पाइपला मी ती अजिबात सुचवणार नाही. वाटीच्या भोकातून चार खडे बशीत गेले तरी त्यातलं क्लोराइड पुढचा पावसाळा आला की आपलं काम सुरू करेल. मिठाऐवजी कापूस भरावा. अल्कोहोल लाकडात शिरून डांबर विरघळवतं, वरच्या तोंडाने ते उडत राहतं तसा खालचा द्राव कापसातून वर खेचला जातो, आणि सकाळी कापसाचं वरचं टोक तपकिरी झालेलं दिसतं. काम केशाकर्षणाने होतं, मिठाची गरजच नसते. मात्र आधी आतला कोळशाचा थर खरवडून मिलिमीटरभर राखावा. जाड थर आणि लाकूड तापल्यावर सारखे फुगत नाहीत, आणि त्या ताणाने वाटीला तडा जातो.

वाटीचं लाकूड ब्रायर असतं. भूमध्य समुद्राच्या काठच्या एरिका अर्बोरिया या झुडपाचं, जमिनीलगत वाढणारं गाठीसारखं बूड. रान जळालं तरी ते पुन्हा फुटतं. बुडाचे तुकडे तासन्‌तास उकळून रस काढतात आणि महिनोन्‌महिने वाळवतात. फ्रान्सच्या जुरा डोंगरातलं सां-क्लोद हे गाव 19 व्या शतकापासून याच कारागिरीवर नावारूपाला आलं. अशा लाकडावर पॉलिश पेपर जपूनच चालवावा, काठ जळलेला असला तरी. घासून गेलेला आकार परत आणता येत नाही.

दांडीला हात लावण्याआधी एक परीक्षा जरूर करावी. साधा मल्टिमीटर घ्यावा आणि दोन्ही टोकं धातूवर अलगद टेकवावीत. वीज वाहिली तर धातू उघडा आहे. वाहिली नाही तर वर लाखेचा लेप असेल किंवा अ‍ॅनोडाइझ केलेला थर. या थरात तेच ऑक्साइडचं कवच विजेच्या साहाय्याने हजारो पटींनी जाड वाढवलेलं असतं, आणि ऑक्साइड विजेचा निरोधक आहे. अ‍ॅनोडाइझ केलेली दांडी घासायची नसते. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड, एवढंच. घासली तर रंग जातो आणि तो घरी परत येत नाही.

उघड्या धातूवर मात्र मनसोक्त काम करावं. 600 नंबरच्या वॉटर पेपरपासून 2000 पर्यंत, पाणी लावून. 2000 नंबरचे कण सुमारे 10 मायक्रॉनचे असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन, म्हणून तिथे थांबलं तर धातू गुळगुळीत लागतो पण धुरकट दिसतो. ओरखडे तरंगलांबीहून लहान झाले की प्रकाश विखुरत नाही आणि आरसा उगवतो. शेवटचा हात पॉलिशच्या पेस्टचा. तिच्यात बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच असतो, म्हणजे धातू त्याच्याच राखेने उजळतो. कापड काळं होत जातं, ते मळ निघतो म्हणून नव्हे. ते धातूचेच सूक्ष्म कण. बशीतले खड्डे मी तसेच ठेवते. ते जाईपर्यंत घासायचं तर बशीचा तळ कागदासारखा होईल.

मुखनळी नायलॉनची असेल तर साबणपाण्याने भागतं. एबोनाइटची असेल तर ती हिरवट-तपकिरी झालेली दिसेल. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून शिजवलेलं रबर. ऊन आणि हवा लागून गंधकाचं ऑक्सिडेशन होतं आणि ओलीत त्यापासून सौम्य सल्फ्युरिक आम्ल बनतं. पाणी लावून घासावं, गंधकाचा वास येईल, येऊ द्यावा. गरम पाणी मात्र लावू नये, त्याने तपकिरी रंग आणखी वर येतो.

वाटीची चमक मेणाने आणावी. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण 82 ते 86 अंशांना वितळतं आणि बफिंगच्या चाकाच्या घर्षणाने ते लाकडावर पातळ पसरतं. जुन्या वाट्यांवर पुष्कळदा शेलॅक असे, म्हणजे आपल्या झारखंडच्या रानातली लाख. ती अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून आतून काम करताना बाहेर थेंब उडू देऊ नये.

जोडताना आट्यांना पेन्सिलीचं शिसं लावतात, सहज फिरावं म्हणून. इथे लावू नका. ते शिसं म्हणजे ग्राफाइट. ते आणि अ‍ॅल्युमिनियम ओलीत एकत्र आले की त्यांचा विद्युतघट बनतो, आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. मधमाशीच्या मेणाचं एक बोट पुरतं.