नॉर्वेचा राष्ट्रीय महिला फुटबॉल संघ

नॉर्वे फुटबॉल महासंघाच्या वतीने आंतरराष्ट्रीय सामने खेळणारा महिलांचा संघ. युरोपीय अजिंक्यपद (१९८७ व १९९३), विश्वचषक (१९९५) आणि ऑलिंपिक सुवर्णपदक (२०००) ही तिन्ही विजेतेपदे मिळवणारा हा जगातील पहिला महिला संघ. पुढे २०१६ मध्ये जर्मनीने ही बरोबरी साधली. तिसऱ्या कोणत्याही देशाला ती अजून जमलेली नाही. आजही साठ लाखांची लोकसंख्या न गाठलेल्या, वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली असणाऱ्या देशाची ही कमाई आहे. ऑस्लोतील उल्लेवोल स्टेडियम हे संघाचे प्रमुख मैदान. चाहते आणि पत्रकार संघाला ‘ग्रेसहॉपेने’ म्हणजे ‘नाकतोडे’ म्हणतात. नाकतोडा हिरवा असला तरी संघाची जर्सी मात्र लाल आहे.

नॉर्वेतल्या मुलींनी फुटबॉल गांभीर्याने खेळायला सुरुवात केली ती १९७० च्या आसपास. ऑस्लोच्या ‘बूल’ या क्लबमधील मोलफ्रिड कुवोस यांनी त्या काळात सामने जमवले, संघ उभे केले. त्यांना नॉर्वेच्या महिला फुटबॉलची आई म्हटले जाते. महासंघाने या खेळाला अधिकृत मान्यता दिली ती १९७६ मध्ये. शेजारचा स्वीडन तोपर्यंत तीन वर्षे आंतरराष्ट्रीय सामने खेळत होता. नॉर्वेचा पहिला सामना जुलै १९७८ मध्ये फिनलंडच्या ओलांड बेटांवरील मारीहाम्न येथे स्वीडनशीच झाला आणि नॉर्वेने तो १–२ असा गमावला. म्हणजे नॉर्डिक देशांत नॉर्वे पहिला नव्हता. उलट जरा मागूनच आला होता. त्याचे वेगळेपण पुढच्या दशकात दिसले, आणि तेही आधी मैदानावर नव्हे, सभागृहात.

मे १९८६ मध्ये मेक्सिको सिटीत फिफाचे अधिवेशन भरले होते. नॉर्वेच्या प्रतिनिधी एलन विले व्यासपीठावर गेल्या. फिफाच्या अधिवेशनात भाषण करणाऱ्या त्या पहिल्या महिला. फिफाच्या कागदपत्रांत महिला फुटबॉलला जेमतेम जागा मिळते, याकडे त्यांनी बोट दाखवले आणि दोन मागण्या केल्या : महिलांना स्वतःचा विश्वचषक हवा आणि ऑलिंपिकमध्ये प्रवेश हवा. अध्यक्ष झोआव आव्हेलांझ यांनी होकार दिला. योगायोग असा, की त्याच महिन्यात नॉर्वेत ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले होते आणि त्यातल्या अठरा मंत्र्यांपैकी आठ महिला होत्या. विले यांचे भाषण काही आभाळातून पडले नव्हते.

पुढच्याच वर्षी युरोपीय स्पर्धेचे यजमानपद नॉर्वेकडे होते. ऑस्लोतल्या अंतिम सामन्यात स्वीडनला २–१ असे हरवून संघाने पहिले विजेतेपद मिळवले. दोन्ही गोल त्रूडे स्टेनडालचे होते. १९८८ मध्ये फिफाने चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात बारा देशांना बोलावून एक निमंत्रितांची स्पर्धा भरवली. महिलांचा विश्वचषक चालेल की नाही, हे पाहण्याची ती रंगीत तालीम होती. तीही नॉर्वेने जिंकली. अंतिम सामन्यात पुन्हा समोर स्वीडन होता आणि सामन्यातला एकमेव गोल लिंडा मेडालेनने केला. ही स्पर्धा अधिकृत विश्वचषकांत मोजली जात नाही. पण ती फसली असती तर पुढचे सगळे लांबले असते, म्हणून इतिहासात तिला तळटीपेपेक्षा मोठी जागा द्यायला हवी.

पहिला विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्येच झाला. सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे होते, कारण बायकांना पूर्ण वेळ झेपेल का, याची फिफाला शंका होती. उद्घाटनाच्या सामन्यात यजमानांनी नॉर्वेचा ०–४ असा धुव्वा उडवला, तरी संघ सावरून अंतिम फेरीत पोहोचला. ग्वांगझूच्या तियानहे स्टेडियममध्ये सुमारे ६३ हजार प्रेक्षकांसमोर अमेरिकेशी गाठ पडली. मिशेल एकर्सने ७८ व्या मिनिटाला दुसरा गोल केला आणि अमेरिका २–१ ने जिंकली. या पराभवापासून दोन्ही देशांत जी चुरस लागली, ती महिला फुटबॉलमधील पहिली खरी खुन्नस. त्या काळात अमेरिकेविरुद्ध हारण्यापेक्षा जिंकण्याची संख्या जास्त असणारा संघ एकच होता, तो म्हणजे नॉर्वे.

संघाचे शिल्पकार प्रशिक्षक एव्हन पेलेरूड. त्यांची पद्धत साधी होती : शारीरिक क्षमता भरपूर, बचाव शिस्तीचा, चेंडू मिळाला की तो लांब टोलवून लगेच पुढे पाठवायचा आणि मग हवेतल्या चेंडूंवर तुटून पडायचे. नॉर्वेचा पुरुष संघही त्याच सुमारास असाच खेळत होता. पाहणाऱ्यांना हा खेळ रुक्ष वाटे आणि तशी टीकाही झाली. तरी त्यात एक अडचण आहे, हेगे रीसे. मध्यरक्षक रीसेचे पास, डाव्या पायाची हुकमत आणि खेळाचा वेग हवा तसा बदलण्याची हातोटी पाहता त्या संघाला नुसता ‘उंच चेंडूंचा संघ’ म्हणणे अन्यायाचे ठरते.

१९९३ मध्ये इटलीतील चेसेना येथे यजमानांना १–० असे हरवून नॉर्वे दुसऱ्यांदा युरोपीय विजेता झाला. गोल बिर्थे हेगस्टाडचा. दोन वर्षांनी विश्वचषक स्वीडनमध्ये, म्हणजे अगदी शेजारच्या अंगणात होता. गटात नायजेरियाला ८–०, इंग्लंडला २–० आणि कॅनडाला ७–० असे हरवले. उपांत्यपूर्व फेरीत डेन्मार्कविरुद्ध ३–१ असा विजय मिळाला. साऱ्या स्पर्धेत नॉर्वेवर झालेला एकमेव गोल याच सामन्यातला. उपांत्य फेरीत समोर अमेरिका. दहाव्या मिनिटाला उंचपुऱ्या आन क्रिस्तीन ओरनेसने कॉर्नरवरून आलेला चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला आणि उरलेला वेळ बचावफळीने व गोलरक्षक बेंटे नूर्बीने तो गोल राखला. सामना संपल्यावर नॉर्वेच्या खेळाडू एकमेकींचे घोटे धरून गवतावर रांगत ‘आगगाडी’ करून निघाल्या. अमेरिकन खेळाडूंना ती आगगाडी फार झोंबली आणि पुढची कित्येक वर्षे त्या तिची आठवण काढत राहिल्या.

१८ जून १९९५ रोजी सोल्ना येथील रोसुंदा स्टेडियममध्ये अंतिम सामन्यात जर्मनीचा २–० असा पराभव झाला. ३७ व्या मिनिटाला रीसेने आणि तीनच मिनिटांनी मारियान पेटरसेनने गोल केले. प्रेक्षक होते सतरा हजारांच्या आसपास. स्पर्धेत नॉर्वेने २३ गोल केले. सर्वोत्तम खेळाडूचा मान रीसेला, तर सहा गोलांसह सर्वाधिक गोलांचा मान ओरनेसला मिळाला. चार वर्षांनी अमेरिकेत झालेल्या अंतिम सामन्याला नव्वद हजारांवर लोक आले, तेव्हा त्यात नॉर्वे नव्हता : उपांत्य फेरीत चीनने त्याला ०–५ असे हरवले होते.

विले यांची दुसरी मागणी १९९६ मध्ये अटलांटात पूर्ण झाली. महिला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आला आणि नॉर्वेला कांस्यपदक मिळाले. त्याही वेळी उपांत्य फेरीत अमेरिकेने जादा वेळेतल्या ‘गोल्डन गोल’ने घात केला होता. त्या नियमानुसार जादा वेळेत पहिला गोल पडला की सामना तिथेच संपे. २००० मध्ये सिडनीत हाच नियम नॉर्वेच्या कामी आला. पेर-माथियास हॉग्मो यांच्या संघाने गटात अमेरिकेकडून ०–२ हार पत्करली होती. अंतिम सामन्यात मात्र ग्रो एस्पेसेट आणि रांगहिल्ड गुलब्रांडसेन यांच्या गोलांनी नॉर्वे २–१ पुढे होता. अगदी शेवटच्या क्षणी टिफनी मिलब्रेटने बरोबरी साधली. जादा वेळेत बदली खेळाडू डॅग्नी मेल्ग्रेनने १०२ व्या मिनिटाला गोल केला आणि खेळ खलास. चेंडू तिच्या हाताला लागला होता, अशी अमेरिकेची तक्रार होती. पंचांनी गोल दिला.

त्यानंतर संघाच्या वाट्याला एकही मोठे विजेतेपद आलेले नाही. २००४ च्या ऑलिंपिकसाठी तो पात्रही ठरला नाही. २००७ च्या विश्वचषकात चौथा क्रमांक, २०११ मध्ये गटातच गारद, आणि २००८ नंतर ऑलिंपिकचे दर्शन नाही. युरोपीय स्पर्धेत नॉर्वेने एकूण सहा अंतिम सामने खेळले. त्यांतले चार (१९८९, १९९१, २००५, २०१३) हरले आणि चारही जर्मनीकडून. २०१३ चा पराभव सर्वांत कडवट. सोल्ना येथेच, ४१ हजारांवर प्रेक्षकांसमोर, जर्मन गोलरक्षक नादिने आंगेररने नॉर्वेच्या दोन पेनल्टी अडवल्या आणि सामना ०–१ असा गेला.

ही घसरण म्हणजे नॉर्वेचा खेळ बिघडला, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. ऐंशीच्या दशकात बहुतेक देश महिला फुटबॉलकडे पाहतही नव्हते, तेव्हा नॉर्वेने मुलींना मैदाने, प्रशिक्षक आणि स्पर्धा दिल्या होत्या. पुढे इंग्लंड, फ्रान्स, स्पेन इथल्या मोठ्या पुरुष क्लबांनी महिला संघांत पैसा ओतला आणि लवकर निघाल्याचा फायदा संपला. नॉर्वेच्या उत्तम खेळाडू आज परदेशी क्लबांतच घडतात : आदा हेगरबर्ग ल्योंमध्ये, कॅरोलिन ग्रॅहम हॅन्सन बार्सिलोनात, गुरो रेइटेन चेल्सीत मोठी झाली.

२०१७ हे वर्ष विसंगतीने भरलेले होते. युरोपीय स्पर्धेत तिन्ही सामने हरून, एकही गोल न करता संघ परतला. त्याच वर्षाच्या अखेरीस महासंघाने पुरुष आणि महिला राष्ट्रीय खेळाडूंना सारखेच मानधन देण्याचा करार केला. महिलांची एकूण रक्कम ३१ लाख क्रोनरवरून ६० लाखांवर गेली. त्यातले साडेपाच लाख पुरुष खेळाडूंनी आपल्या जाहिरात-उत्पन्नातून सोडले होते. जगभर कौतुक झाले. आणि नेमक्या त्याच काळात संघाची सर्वांत नावाजलेली खेळाडू संघ सोडून गेली होती. महासंघ महिला फुटबॉलला ज्या तऱ्हेने वागवतो, त्यावर हेगरबर्ग नाराज होती. प्रश्न पैशाचा नाही, असे तिने स्पष्ट केले होते. २०१८ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा बॅलन डी’ओर हा पुरस्कार पहिल्यांदाच महिलांसाठी ठेवला गेला आणि तो तिला मिळाला, पण २०१९ च्या विश्वचषकात ती खेळली नाही. मानधन सारखे झाले म्हणजे वागणूकही सारखी झाली, असे नव्हे, हे या प्रसंगाइतके स्वच्छ क्वचितच दिसले असेल.

हेगरबर्ग २०२२ च्या वसंतात परतली. त्याच मार्चमध्ये माजी राष्ट्रीय खेळाडू आणि व्यवसायाने वकील असलेल्या लिसे क्लावेनेस महासंघाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. लगेच दोहा येथील फिफाच्या अधिवेशनात त्यांनी कतारला विश्वचषक देण्याच्या निर्णयावर आणि स्थलांतरित कामगारांच्या हक्कांवर यजमानांसमोरच सुनावले. एलन विले यांच्यानंतर छत्तीस वर्षांनी नॉर्वेच्या बाईने पुन्हा त्याच संघटनेची झोप उडवली. मैदानावरचे वर्ष मात्र वाईट होते : युरोपीय स्पर्धेत ब्रायटन येथे इंग्लंडने ८–० असे चिरडले, प्रशिक्षक मार्टिन शोग्रेन गेले आणि जबाबदारी हेगे रीसेकडे आली. राष्ट्रीय संघातून १८८ सामने खेळलेली, तिन्ही विजेतेपदांची मानकरी असलेली रीसे यापेक्षा योग्य नाव नव्हते. तरीही २०२३ चा विश्वचषक अडखळतच गेला. पहिल्याच सामन्यात न्यूझीलंडने १–० असे हरवले. स्वित्झर्लंडविरुद्ध राष्ट्रगीतानंतर, खेळ सुरू होण्याच्या क्षणी हेगरबर्ग दुखापतीमुळे मैदानाबाहेर गेली. राखीव बसवलेल्या ग्रॅहम हॅन्सनने जाहीर नाराजी व्यक्त केली आणि नंतर माफी मागितली. फिलिपिन्सवर ६–० असा विजय मिळवून संघ बाद फेरीत गेला आणि तिथे जपानकडून हरला.

संघातर्फे सर्वाधिक, ६७ गोल करण्याचा विक्रम इसाबेल हेर्लोव्हसेनच्या नावावर आहे. २०२४ पासून इंग्लंडच्या जेमा ग्रेंजर प्रशिक्षक आहेत. त्यांच्या हाताखाली संघाने २०२५ च्या युरोपीय स्पर्धेत गटातील तिन्ही सामने जिंकले. जिनिव्हातील उपांत्यपूर्व सामन्यात इटलीविरुद्ध कर्णधार हेगरबर्गने आधी पेनल्टी बाहेर मारली, मग काही मिनिटांतच गोल करून बरोबरी साधली. ९० व्या मिनिटाला क्रिस्तियाना जिरेल्लीने डोक्याने गोल केला आणि इटलीने सामना २–१ असा जिंकला.