टीनएजर्सचा मेंदू

टीनएजर्सचा मेंदू म्हणजे साधारण १०-१२ वर्षांपासून विशीच्या मध्यापर्यंत मेंदूत जी उलथापालथ चालू असते ती, आणि तिच्यामुळे बदलणारं वागणं. मेंदूचा आकार तर सहाव्या वर्षापर्यंतच जवळपास मोठ्या माणसाएवढा, म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास झालेला असतो, त्यामुळे आता फक्त अभ्यास करायचा बाकी, मेंदू तयार आहे असं बरीच वर्षं समजलं जायचं. पण १९९९ मध्ये अमेरिकेत संशोधक जे गीड (Jay Giedd) आणि त्यांच्या टीमने त्याच मुलांचे वर्षानुवर्षं एमआरआय काढून दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागातलं ग्रे मॅटर, म्हणजे पेशी आणि त्यांची कनेक्शन्स असलेला करडा भाग, मुलींमध्ये साधारण ११ आणि मुलांमध्ये १२ वर्षांपर्यंत वाढतं आणि मग कमी व्हायला लागतं.

कमी होतं म्हणजे बिघडतं असं अजिबात नाही. पेशींमधली न वापरलेली कनेक्शन्स छाटली जातात, जी वापरात आहेत त्यांच्यावर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण चढतं आणि सिग्नल कितीतरी फास्ट जातो. म्हणून या वयात जे मनापासून शिकलं जातं, वाद्य असो, भाषा असो की खेळ, ते चांगलं पक्कं बसतं.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. भावना आणि बक्षिसाची ओढ सांभाळणारे आतले भाग, जिथे डोपामिन या रसायनाचं काम चालतं, ते वयात येतानाच जोरात जागे होतात आणि थांब, विचार कर म्हणणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे कपाळामागचा भाग, मात्र सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास पूर्ण होतो. पण म्हणून "यांना धोका कळतच नाही" असं म्हणणं चूक आहे, आणि हे मुद्दाम सांगावंसं वाटतं कारण घरोघरी हेच म्हटलं जातं. शांतपणे बसून विचार करायला दिला तर १६ वर्षांची मुलं मोठ्यांइतकाच बरोबर विचार करतात, गडबड होते ती भावना पेटलेल्या असताना किंवा मित्र आजूबाजूला असताना. टेम्पल युनिव्हर्सिटीच्या २०११ च्या प्रयोगात गाडी चालवायचा कॉम्प्युटर गेम दिला होता, एकटी असताना ही मुलं मोठ्यांसारखीच खेळली, मित्र बघतायत हे कळल्यावर मात्र जास्त रिस्क घेतली आणि स्कॅनमध्ये बक्षिसाशी जोडलेले भागही जास्त ॲक्टिव्ह दिसले. मोठ्यांवर कोणी बघण्याचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे नुसती माहिती देऊन, लेक्चर देऊन फार काही साधत नाही, गाडीत सोबत कोण बसलंय हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

झोपेचंही तसंच. मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन या वयात रात्री उशिरा वाढायला लागतं त्यामुळे लवकर झोप येत नाही, आणि गरज तर ८ ते १० तासांची असते, मग सकाळी उठवताना भांडणं होतात आणि त्याला आळस म्हणणं खरंच अन्यायाचं आहे. २०१४ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली ती याच कारणाने.