यूबेलयार

यूबेलयार : बायबलमधील योबेल वर्षासाठी (सुटकेचे पन्नासावे वर्ष) जर्मन भाषेत रूढ असलेली संज्ञा. हालयार, एर्लासयार, ग्युल्डेनेस यार (सुवर्णवर्ष), हायलिगेस यार (पवित्र वर्ष) आणि यूबिलेउम हे शब्द याच परिवारातले. कोणता शब्द वापरायचा, हे पुष्कळदा कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट पंथावरून ठरत आले.

दर पन्नासाव्या वर्षी जमिनी मूळ कुळांकडे परत जाव्यात आणि दास झालेल्या इस्राएली बांधवांची सुटका व्हावी, अशी आज्ञा बायबलमध्ये लेवीय २५ येथे आहे. वर्षाची द्वाही प्रायश्चित्ताच्या दिवशी शिंग फुंकून फिरवायची. ‘योबेल’ या हिब्रू शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. अरबस्तानात एडक्याला ‘योबला’ म्हणतात, असे रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकीबांच्या नावे ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथात नमूद आहे; म्हणजे योबेल हे एडक्याचे शिंग. फ्रान्समधील मार्से येथील प्यूनिक (कार्थेजच्या भाषेतील) कोरीव लेखातही या घडणीचा शब्द त्याच अर्थाने येतो. काही अभ्यासक ‘योबेल’ हा शब्द ‘नेणे, आणणे’ या अर्थाच्या धातूपासून साधतात. प्राचीन ज्यू इतिहासकार जोसीफसने दिलेला ‘स्वातंत्र्य’ हा अर्थ बहुधा प्रथेच्या आशयावरून काढलेला असावा. यरीहोच्या वेढ्यातील शिंगांनाही यहोशवाच्या पुस्तकात हाच शब्द लावलेला असल्याने एडक्याचे मत अधिक ग्राह्य वाटते.

बायबलच्या ग्रीक अनुवादकांनी योबेलसाठी ‘सुटका’ या अर्थाचा शब्द योजला. जेरोमच्या लॅटिन अनुवादात मात्र हिब्रू ध्वनी कायम राहिला आणि ‘यूबिलारे’ (आनंदाने आरोळी ठोकणे) या क्रियापदाच्या प्रभावाने त्याचा उच्चार बदलला असावा. जर्मन ‘यूबेल’ (जल्लोष) हा शब्द याच लॅटिन क्रियापदाच्या कुळातला. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक ल्यूथरच्या १५४५ च्या जर्मन बायबलमध्ये एकाच ओवीत (लेवीय २५:१०) एर्लासयार म्हणजे माफीचे वर्ष आणि हालयार म्हणजे निनादाचे वर्ष, असे दोन्ही शब्द आढळतात.

पोप बोनिफेस आठवे यांनी १३०० मध्ये रोमच्या यात्रेकरूंना पूर्ण दंडमुक्ती (पापांबद्दलच्या शिक्षेची माफी) दिली व ती दर शंभर वर्षांनी मिळेल असे ठरवले. त्यांच्या फर्मानात योबेल हा शब्द नाही. तो समकालीन लेखकांनी लावला. पुढे हे अंतर ५० (१३४३), ३३ (१३८९) व २५ वर्षांवर (१४७०) आले. ‘सुवर्णवर्ष’ हे नाव ल्यूथरच्या हाती उपहासाचे शस्त्र बनले. फर्मानांचा बाजार तेजीत आल्यावर पोपने सुवर्णवर्ष शोधून काढले व ते रोमला नेऊन बसवले, असे त्याने श्मालकाल्डेन लेखांत (प्रॉटेस्टंट मतांचे निवेदन, १५३७) म्हटले आहे.

प्रॉटेस्टंटांनी दंडमुक्ती टाकली, वर्षमोजणी ठेवली. ट्यूबिंगेन (१५७८) व विटेनबर्ग (१६०२) विद्यापीठांनी आपापली शताब्दी साजरी केली. १६१७ मध्ये सॅक्सनीसह अनेक प्रॉटेस्टंट प्रदेशांत धर्मसुधारणेचा शतसांवत्सरिक उत्सव झाला. त्याच वर्षी पोप पॉल पाचवे यांनी विशेष योबेल जाहीर केला. शंभरीचा हिशेब मुळात बोनिफेस यांचाच, ही यातली गंमत.

आज यूबिलेउम हा शब्द संस्था, नोकरी व दीक्षा यांच्या वर्धापनासाठी सर्रास चालतो. पन्नासावा विवाहदिन ‘सोनेरी’, साठावा ‘हिऱ्याचा’. आपल्याकडील सुवर्णमहोत्सव, हीरकमहोत्सवाशी हे जुळते. दुर्घटनेच्या स्मरणदिनाला मात्र यारेसटाग किंवा गेडेंकटाग म्हणतात. कॅथलिकांच्या रोममधील उत्सवाला बहुधा हायलिगेस यार म्हटले जाते. एर्लासयार हा शब्द इ. स. २००० च्या सुमारास गरीब देशांच्या कर्जमाफीच्या चळवळीने उचलला. बोलीभाषेत ‘आले यूबेलयारे’ म्हणजे क्वचित कधीतरी.