बॉल पायथनचे अन्न नाकारणे

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातला अजगर (पायथन रेगियस). घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखे वेटोळे करतो, म्हणून हे नाव. ब्रिटनमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात. पाळीव सापांत तो फार लोकप्रिय आहे, आणि जेवण सोडून बसण्याबद्दल तितकाच बदनाम. चांगला धष्टपुष्ट साप आठवडेच काय, महिनोन्‌महिने उंदराकडे ढुंकून पाहत नाही. साप मजेत असतो. हवालदिल होतो तो मालक.

सापाला शरीर गरम ठेवण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही, त्यामुळे एका भक्ष्यावर तो बराच काळ काढतो. अजगरांची पचनसंस्था तर दोन जेवणांच्या मध्ये जवळजवळ निजलेली असते. बर्मी अजगराचे हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत सुमारे 40 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले आहे. एवढी यंत्रणा रोज कोण चालू ठेवील? विणीच्या हंगामात बरेच नर खात नाहीत. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली मादी सुमारे दोन महिने सहसा उपाशीच असते. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ निळे होतात, तेव्हाही बहुतेक साप तोंड फिरवतात.

हे काही नसेल तर दोष बहुधा पेटीत सापडतो. उबदार बाजू 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड बाजू 25 ते 27 अंश लागते. तापमान साप जिथे पडून असतो तिथे मोजायचे, काचेवर वर चिकटवलेल्या तापमापीवर नाही. मोठी, उघडी काचेची पेटी आपल्याला ऐसपैस वाटते, पण बिळात दिवस काढणाऱ्या या प्राण्याला ती भर चौकात बसवल्यासारखी वाटते. दोन्ही बाजूंना एकेक लपायची जागा हवी, तीही अशी अरुंद की आत शिरल्यावर अंग भिंतींना टेकावे. नवा आणलेला साप आठवडाभर हातात घेऊच नये. पाच मिनिटांनी झाकण उघडून ‘खाल्ले का?’ पाहणाऱ्याचा साप सहसा खात नाही.

भक्ष्य म्हणजे गोठवलेला उंदीर, सापाच्या सर्वांत जाड भागाइतक्या जाडीचा. तो फ्रीजमध्ये रात्रभर वितळू द्यावा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा. मायक्रोवेव्ह नको, उंदीर आतून शिजतो आणि फुटतो. या अजगराच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात, म्हणून उंदराचे अंग 38 ते 40 अंशांपर्यंत आणि कोरडे हवे. संध्याकाळी दिवे मंद करून लांब चिमट्याने तो जमिनीलगत, चालत्या उंदरासारखा हलवावा. नाकावर टोचू नये. जिभेची ये-जा मंदावली आणि मान इंग्रजी ‘एस’सारखी मागे वळली की हात स्थिर ठेवावा. नाहीच झडप घातली तर उंदीर लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवून निघून जावे आणि सकाळी उचलावा.

यापुढच्या युक्त्या वासाच्या आहेत. रानात लहान नर झाडावर चढून पक्षीही खातात, त्यामुळे उंदराला कोंबडीच्या पिलाचा वास लावल्यावर काही हट्टी साप वळतात. काहीजण मेलेल्या उंदराची कवटी टोचतात. किळसवाणे आहे, पण उपयोगी पडते. जिवंत उंदीर मात्र सोडू नये: भूक नसलेल्या सापाला तो कुरतडतो आणि जखमा खोल होतात. दूध पुढे करण्यातही अर्थ नाही. नागपंचमीला नाग दूध पितो, कारण गारुड्याने त्याला तहानलेला ठेवलेला असतो.

साप दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवावा. वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटले, तोंडात पू दिसला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला किंवा खवल्यांखाली गोचिडीसारखे काळे किडे आढळले, तर सापांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. घशात जबरीने अन्न कोंबणे हे त्याचेच काम, तेही अखेरचे.

भारतात देशी साप पाळण्यास 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. बॉल पायथन विदेशी असला तरी साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे 2022च्या दुरुस्तीनंतर त्याचीही नोंदणी करावी लागते.

उपवास सुटल्यावर किमान दोन दिवस सापाला हात लावू नये. पुढचे भक्ष्य नेहमीपेक्षा लहान द्यावे, आणि त्याने खाल्लेले ओकून टाकले तर दोन आठवडे पोट रिकामे ठेवावे.